कापशीच्या नाकावरची विभूती

मल्लेश्वरीला राग यायला बावन्न वर्षं लागली. त्याआधी येत नव्हता असं नाही, पण आला की ती तो गिळून टाकायची. नवरा गेला आणि तेरा दिवस व्हायच्या आत दिरानं घराला दुसरं कुलूप लावलं, तेव्हा गिळला. तिच्यामागून दहा वर्षांनी कामावर आलेल्या माणसानं तिला ‘ए बाई’ म्हणून हाक मारली, तेव्हाही गिळला. आपल्याकडं अशा बाईला शांत स्वभावाची म्हणतात आणि चार बायकांत तिचं उदाहरण देतात. तिच्या पोटात काय साठलंय हे विचारायला कुणाला सवड नसते. मल्लेश्वरीच्या पोटातलं बाहेर आलं ते एका पांढऱ्या मांजरीच्या नाकामुळं.

ती मूळची भालकी तालुक्यातल्या खटकचिंचोळीची. लिंगायताचं घर, घरात कन्नड, गावच्या शाळेत सातवीपर्यंत मराठी, आणि बाजारात समोरच्याला जी येईल ती. तेहतिसाव्या वर्षी नवरा गेला, तेव्हापासून ती बिदरबाहेर कोळारच्या वसाहतीत गुंडप्पा सावकारांच्या डाळीच्या गोदामात कामाला आहे. तूरडाळ निवडायची, झाडझूड करायची आणि रोज सकाळी काट्याची पूजा करायची. काटा म्हणजे पोती तोलायचा लोखंडी काटा. त्याला विभूती लागल्याशिवाय त्याच्यावर पहिलं पोतं चढत नाही, ही गुंडप्पांच्या वडलांनी घातलेली रीत. मल्लेश्वरी नवीन होती तेव्हा पूजेच्या वेळी मागं सरून उभी राहायची. थोरल्या सावकारांनी ते पाहिलं आणि विभूतीची वाटी तिच्या हातात दिली. म्हणाले, “इभूतीला सवाष्ण-विधवा ठाऊक न्हाई. लाव तू.” त्या दिवसापासून एकोणीस वर्षं काट्याला तिचाच हात. थोरले सावकार गेले, गुंडप्पा बसले, पण हात बदलला नाही. काट्याला लावून झालं की त्याच तीन बोटांनी ती सावकारांच्या कपाळावरही विभूती ओढायची. मग गोदाम चालू.

या पूजेत कापशी कशी घुसली ते सांगायला हवं. डाळीच्या गोदामात उंदराला औषध घालता येत नाही, माल माणसाच्या पोटात जायचा असतो. म्हणून तिथं मांजरं लागतात. अकरा वर्षांपूर्वी एक पांढरी पिल्ली पोत्यांच्या थप्पीमागं सापडली, कापसाच्या बोंडासारखी. ती मोठी झाली आणि तिनं उंदरांना गोदामाची वाट विसरायला लावली. तिचं दूध सावकारांच्या घरून यायचं. रोज सकाळी मल्लेश्वरी वाटी घेऊन आली की कापशी काट्यापुढं येऊन बसायची आणि तोंड वर करायची. तिला लावल्याशिवाय पुढं जाऊ द्यायची नाही, पायातच घोटाळायची. म्हणून पहिली विभूती कापशीला. मांजरीचं कपाळ ते केवढं, तीन बोटं कुठं मावायची. विभूती सरळ नाकावर उतरायची. मग काटा, मग सावकार.

“मांजरीची उष्टी इभूती सावकाराला,” असं म्हणून चांगुणाबाई हसायची. चांगुणाबाई मल्लेश्वरीच्या शेजारी बसून डाळ निवडणारी, बौद्धवाड्यातली, तोंडानं फटकळ आणि पंधरा वर्षांची जिवाची मैत्रीण.

दोन वर्षांपूर्वी होळीनंतर कापशीच्या नाकावर खपली दिसायला लागली. मल्लेश्वरीला वाटलं दुधात भिजून विभूतीच वाळलीय. ती नखानं थोडी काढायची आणि वर ताजी लावायची. मनात असंही होतं की काही बारीक लागलं असलं तरी विभूतीनं बरं होईल. श्रद्धेनं लावलेल्या गोष्टीखाली काय चाललंय हे माणूस उचकून बघत नाही. असे सात-आठ महिने गेले. दिवाळीच्या सुमारास कापशी एकदा जोरात शिंकली आणि पुढच्या रिकाम्या पोत्यावर रक्ताचे शिंतोडे उडाले.

चांगुणाबाईनं मांजरीचं तोंड दोन्ही हातांत धरून उजेडाकडं केलं. “मल्लक्का, ही इभूती न्हाई गं. ही जखम हाय. आतून खायलीय.”

“कामून गं असं बोलतीस?”

“बोलून काय हुतंय, बघ की तूच. आमच्या रत्नपालची पोरगी रूपाली बिदरात जनावराची डाक्टर हाय. उद्या चल.”

दुसऱ्या दिवशी दोघी सुट्टी टाकून निघाल्या. कापशी कोंबड्या झाकायच्या डालग्यात, वरून जुनं लुगडं बांधलेलं. दवाखान्याच्या अंगणात म्हशी, शेळ्या, एक लंगडता बैल. म्हशीचा कासरा धरून उभ्या असलेल्या एका माणसानं डालग्यात डोकावलं.

“मांजर? मांजरीला दवाखाना? रस्त्यावर शंभर फिरत्यात, एक धरून आणायची दुसरी.”

“माणसं बी फिरत्यात रस्त्यावर,” चांगुणाबाई म्हणाली. “तुझ्या बायकोनं दुसरं धरलं का?”

तो माणूस म्हशीच्या पलीकडं जाऊन उभा राहिला.

डॉक्टर रूपाली तिशीची, बारीक अंगाची, आवाज मात्र खणखणीत. तिनं ओल्या कापसानं कापशीचं नाक पुसायला घेतलं. कापूस राखाडी झाला, दुसरा घेतला, तोही राखाडी. थरावर थर निघत होते. पाचव्या कापसाला खाली लालभडक खड्डा दिसला, हरभऱ्याएवढा, कडा जाड.

“मावशी, हे काय लावलं होतं?”

“इभूती,” मल्लेश्वरी म्हणाली. “त्यानं झालं का हे?”

“विभूतीनं नाही झालं. पण विभूतीखाली दिसलं नाही. ही दुपारी कुठं झोपते?”

“पत्र्यावर. उन्हात पसरती, हाक मारली तरी उठत न्हाई.”

रूपालीनं मान हलवली. पांढऱ्या मांजरीच्या गुलाबी नाकाला नि कानांना उन्हापासून वाचवणारा रंगच नसतो, आपल्याकडचं ऊन वर्षानुवर्षं तिथं लागलं की असं होऊ शकतं, असं तिनं सांगितलं. जखमेचा कणभर तुकडा काढून तपासायला पाठवला. दहा दिवसांनी उत्तर आलं. कॅन्सर.

तो शब्द ऐकून मल्लेश्वरीनं आपोआप डालग्यावरचा हात मागं घेतला. रूपालीच्या ते लक्षात आलं. तिनं उपचार समजावून सांगितला. नाकाची जागा, कापून किती कापणार. नुसतं औषध टोचलं तर या गाठीच्या पेशी ते आत फारसं घेत नाहीत. म्हणून मांजरीला गाढ झोपवायचं, औषध टोचायचं आणि मग गाठीला सुया लावून विजेचे बारीक झटके द्यायचे.

“माझी आई भालकीच्या अडतीत दाणे निवडायची,” रूपाली म्हणाली. “शिवलेल्या पोत्यातला माल बघायला टोकदार नळी खुपसतात, माहितीय ना? नळी आत गेली की तागाला भोक पडतं, काढून हात फिरवला की भोक मिटतं. वीज तेवढंच करते. पेशीला घटकाभर भोक पाडते, तेवढ्यात औषध आत जातं, भोक मिटतं, आणि औषध आत राहून काम करतं.”

हे मल्लेश्वरीला लगेच कळलं. एकोणीस वर्षं ती त्या नळ्या बघत आली होती.

“एकदाच?”

“दोनदा तरी. पंधरा दिवसांनी दुसऱ्यांदा. मधे नाक काळं पडेल, खपली धरेल, आधीपेक्षा वाईट दिसेल. घाबरू नका, गाठ मरते तेव्हा तसंच दिसतं. उन्हापासून, उकाड्यापासून लांब ठेवा. पण दुसरी वेळ चुकवू नका. जे थोडं उरेल ते पुन्हा वाढेल, आणि मग नाक हातचं जाईल. मशीन आमच्याकडं अभ्यासासाठी आलंय, पैशाचा विचार करू नका.”

मल्लेश्वरीनं मग ते विचारलं. जमिनीकडं बघत विचारलं.

“हा रोग दुसऱ्याला लागतो का?”

“नाही मावशी. हिचा दुसऱ्या मांजरीला लागत नाही, तुम्हाला तर नाहीच. माणसाचासुद्धा शिवल्यानं माणसाला लागत नाही.”

“माणसाचा बी?”

“माणसाचाही. ताटवाटीनं नाही, अंथरुणानं नाही, हात लावल्यानं नाही.”

मल्लेश्वरी तिथल्या लोखंडी बाकावर बसली. चांगुणाबाईनं पाणी आणलं. तिला वाटलं मांजरीच्या काळजीनं बसलीय. पण मल्लेश्वरीच्या डोळ्यांपुढं खटकचिंचोळीतली कडब्याची खोली होती.

तिची थोरली बहीण भागम्मा. गालात गाठ आली म्हणून सासरनं माहेरी आणून सोडली. सोलापूरला दाखवलं, तिथं सांगितलं की उशीर झालाय. थोरल्या भावानं, जगदेवप्पानं, तिला घराच्या पुढच्या सोप्यात पाऊल ठेवू दिलं नाही. मागच्या कडब्याच्या खोलीत टाकलं. एक जर्मलची, ॲल्युमिनियमची, ताटली दिली आणि सगळ्यांना सांगितलं, हात लावायचा नाही, हा रोग चिकटतो. मल्लेश्वरी तेव्हा एकोणीस वर्षांची. ताटली उंबऱ्यापाशी ठेवायची आणि काठीनं आत सरकवायची हे काम तिच्याकडं. एकदा भागम्मा म्हणाली, “मल्ली, हातानं दे की गं एक डाव.” मल्लेश्वरीनं दिली नाही. भावाची भीती होती, रोगाचीही होती. चार महिने ती काठी चालली. मग ताटली उकिरड्यावर गेली, आणि घरात भागम्माचं नाव काढायचं बंद झालं.

तेहतीस वर्षांनी एक पोरगी, मांजरीचं नाक पुसता पुसता, साध्या आवाजात सांगते की लागत नाही. मग हे कुणी तेव्हा का सांगितलं नाही? सोलापूरच्या दवाखान्यात जगदेवप्पानं विचारलंच नसेल. विचारायला काय लागत होतं, एक वाक्य. त्या एका वाक्याअभावी एक बाई चार महिने माणसाच्या हातासाठी तरसून गेली. मल्लेश्वरीला राग आला आणि या वेळी तो गिळता येईना.

पहिली वेळ पार पडली. रूपालीनं तिला दारातून बघू दिलं. कापशी हिरव्या कापडावर पसरून झोपलेली, जीभ किंचित बाहेर. औषध गेल्यावर रूपालीनं घड्याळाकडं बघत काही मिनिटं जाऊ दिली, मग सुयांचा छोटा दांडा नाकाला लावला. मशीननं टिकटिक केली आणि कापशीच्या मिशा आणि पुढचे पाय झटकन हलले. पुन्हा टिकटिक, पुन्हा पाय. मल्लेश्वरीनं पदराआड गळ्यातलं लिंग मुठीत धरलं होतं. पाव तासात आटोपलं. शुद्धीवर आल्यावर कापशीच्या गळ्यात प्लास्टिकचा भोंगा बांधला, नाक ओरबाडू नये म्हणून. आणि रूपालीनं पातळ हातमोज्यांची एक पिशवी दिली. “तीन दिवस हिची घाण काढताना हे घाला. औषध लघवीतून बाहेर पडतं, ते आपल्या हाताला नको.”

त्या हातमोज्यांनी घात केला.

गोदामात महेशकुमार नावाचा सुपरवायझर होता. बी.कॉम. झालेला, मोबाइल हातातून न सुटणारा. तोच ‘ए बाई’ म्हणणारा. त्यानं मल्लेश्वरीला हातमोजे घालून कापशीनं घाण केलेली कोपऱ्यातली माती भरताना पाहिलं.

“काय झालंय मांजरीला?”

“कॅन्सर. पण औषधपाणी चालू हाय.”

“आन् हातमोजे कामून घातलेस?”

“औषधासाठी. रोगासाठी न्हाई. रोग लागत न्हाई, डाक्टरीणबाईनं सांगितलंय.”

“लागत न्हाई तर हातमोजे कामून?”

तिनं पुन्हा समजावलं. त्यानं ऐकलं नाही, फोटो काढला. आठव्या दिवशी कापशीचं नाक कोळशासारखं काळं झालं, रूपालीनं सांगितलं होतं तसंच. त्याचाही फोटो काढला. दोन्ही फोटो सावकारांकडं गेले, सोबत काय सांगितलं देव जाणे. शिकलेला माणूस. एक फोन करून डॉक्टरला विचारता आलं असतं. जगदेवप्पा चौथी पास होता, हा पदवीधर, आणि दोघांची अक्कल एकाच खोलीपाशी येऊन थांबली.

खोली म्हणजे गोदामामागची पत्र्याची खोली, रिकामी पिंपं ठेवायची. तिथं थंडीतही दुपारी पत्र्याला हात लावला तर भाजतो. सावकारांचा निरोप आला, मांजर तिथं कोंडा, बाहेर काढू नका, रोग मालाला लागला तर धंदा बसेल. जाईल ती आपोआप. मारायचं नाही, पाप लागतं. मारायचं नाही म्हणे. उन्हानं झालेल्या रोगाला पत्र्यात कोंडायचं आणि पाप पत्र्यावर ढकलायचं.

महेशकुमारनं कापशीला पोत्यात धरून आत टाकलं, कडी लावली आणि मल्लेश्वरीच्या हातात एक जर्मलची ताटली दिली. “दूध ह्याच्यात घाल. दार जरासं उघडायचं आन् काठीनं आत सरकवायचं. हात लावलास तर डाळीला हात लावू नको.”

आता असं वाटेल की तिथंच तिनं ताटली फेकून दिली असेल. तशी ती फेकली नाही. बावन्न वर्षांची सवय एका क्षणात सुटत नाही. तिनं दूध ओतलं, दार बोटभर उघडलं आणि काठीनं ताटली आत सरकवली. भोंग्यातून दोन डोळे चमकले. कापशीनं दुधाकडं बघितलं नाही. काठीकडं बघितलं.

त्या संध्याकाळी घरी लिंगपूजेला बसल्यावर मल्लेश्वरीनं हातावर लिंग घेतलं. ती काही मागायला बसली नव्हती. एवढंच म्हणाली, “ह्या हातात काठी धरली मी. दोनदा.” मग विभूतीची वडी फोडून उद्याची वाटी भरून ठेवली.

दुसऱ्या दिवशीच दुसऱ्या वेळेसाठी बिदरला जायचं होतं. दुपारी बाराला. सकाळी ती गोदामात आली तेव्हा अफजलपूरला जाणारी लॉरी दारात लागली होती, हमाल पोत्यांना हात घालून उभे, निवडणाऱ्या बायका आपापल्या जागी, सावकार गादीवर, मागं भिंतीवर उच्चनीच न मानणाऱ्या बसवण्णांची तसबीर, हार घातलेली. मल्लेश्वरी आली आणि वाटी मांडीवर घेऊन काट्यापुढं, कापशी बसायची त्याच जागी, बसली.

“मल्लम्मा,” सावकार म्हणाले, “लॉरी थांबलीय.”

“कापशी यायची हाय अजून.”

“मांजरीचं सांगितलंय ना महेशनं.”

“सांगितलंय. पयली इभूती तिची. ती आल्याबिगर मी काट्याला लावत न्हाई.”

महेशकुमार पुढं आला. “आण ती वाटी, मी लावतो. हिनं मांजर शिवलेलीच हाय, काट्याला हात नकोच हिचा.”

“लाव की,” मल्लेश्वरी म्हणाली. वाटी तिनं खरंच पुढं केली. “लाव. पण सावकार, आधी एक ऐका. मांजरीला रोग होळीपासून हाय. डाक्टरीणबाईनं सांगितलंय. होळी ते दिवाळी, रोज सकाळी ही तीन बोटं आधी तिच्या नाकावर, त्या जखमेवर. मग तीच बोटं ह्या काट्यावर.” ती थांबली. “आन् मग तीच बोटं तुमच्या कपाळावर. मधी पाणी न्हाई, पुसणं न्हाई, हीच वाटी. आठ म्हयने. रोग लागणारा असता तर पयला कुणाला लागला असता?”

सावकारांचा हात हळूच वर गेला आणि कपाळाला लागला.

“सावकार, नाक बी बघा की एकदा चाचपून,” चांगुणाबाई मागून म्हणाली.

बायका पदरात तोंड घालून हसल्या, हमाल उघडउघड हसले. महेशकुमारनं “काय हसायलाव” म्हणून दम दिला, पण त्याचं लक्ष स्वतःच्या हाताकडं होतं. त्याच हातानं त्यानं कापशीला पोत्यात भरलं होतं.

मल्लेश्वरी हसली नाही. “हसू नका गं. माझी भागक्का अशीच कोंडून मेली. जर्मलची ताटली, कडब्याची खोली. मी काठीनं ताटली सरकवायची. ती म्हणायची हातानं दे, मी देत न्हव्हते. कुणीतरी सांगितलं रोग लागतो, झालं, आम्ही ऐकलं. कुणाला इचारलं न्हाई. आन् काल परत मी काठी धरली, तुमच्या सांगण्यावरनं. नऊ वर्षं तिनं तुमच्या मालावर एक उंदीर चढू दिला न्हाई. तिचं नाक बिघडलं की ती पत्र्यात. उद्या माझं काय बिघडलं की मी पत्र्यात. ह्या बायकांतली कोण बी पत्र्यात. थोरल्या सावकारांनी मला मागनं पुढं बोलावलं हुतं. तुम्ही पुढच्याला मागं ढकलायलाव.” तिनं तसबिरीकडं बोट केलं नाही, नुसतं बघितलं. “रोज हार घालताव.”

सावकारांनी गादीवरची सुरकुती नीट केली. मग उठले, मागच्या टाकीवर गेले आणि तोंड धुवून आले. चांगलं खसाखसा धुतलं, कपाळ लाल होईस्तोवर. ते बघून चांगुणाबाईला पुन्हा हसू फुटलं. सावकार कुणाकडं न बघता म्हणाले, “महेश, कडी काढ.”

“पण सावकार...”

“काढ म्हणतो ना.”

माफी नाही, चूक झाली नाही, काही नाही. तोंड धुतलं तेवढंच. पण कडी निघाली. मल्लेश्वरीनं कापशीला दोन्ही हातांनी उचलून आणलं. काळं नाक, भोंगा, अंग धुळीनं भरलेलं. नाकाला आता तिनं विभूती लावली नाही, दोन कानांच्या मधे बोटभर टेकवली. मग काट्याला. सावकारांनी कपाळ पुढं केलं नाही, तिनंही हात पुढं केला नाही. तेव्हापासून सावकार आपली विभूती आपल्या हातानं लावतात, वेगळ्या वाटीतून. लावू देत. लॉरी एक तास उशिरा सुटली.

बाराच्या आत दोघी डालगं घेऊन बिदरला पोचल्या. दुसरी वेळही तशीच झाली, टिकटिक आणि मिशांची थरथर. या वेळी हातमोजे घालून घाण काढताना चांगुणाबाई प्रत्येकाला आपणहून सांगत सुटली, “औषधासाठी हाय बरं, रोगासाठी न्हाई. न्हाई पटत तर रूपालीला फोन लावून देऊ का?” महेशकुमारसमोर तिनं हे दिवसातून दोनदा म्हटलं, गरज नसताना.

महिन्याभरानं काळी खपली पडली. खाली गुलाबी, कोवळी कातडी. नाकाला डाव्या अंगाला छोटी खाच राहिली, त्यामुळं कापशी सारखी काहीतरी विचारत असल्यासारखी दिसते. रूपालीनं भिंगातून पाहिलं आणि म्हणाली, “आज तरी गाठ दिसत नाही. दर दोन महिन्यांनी आणत जा. आणि पत्र्यावर झोपू देऊ नका.”

त्या दिवशी दवाखान्यातून चांगुणाबाई कोळारला परतली. मल्लेश्वरी परतली नाही. ती डालगं घेऊन भालकीच्या बसमध्ये बसली आणि तिथून खटकचिंचोळीला.

जगदेवप्पा आता पंचाहत्तरीचा. सोप्यात घोंगडीवर बसून होता. बहीण आलेली बघून त्यानं सुनेला चहा टाकायला सांगितलं. मल्लेश्वरीनं डालगं सोप्याच्या मधोमध ठेवलं, लुगडं सोडलं. कापशी बाहेर आली, अंग ताणलं आणि घोंगडीच्या काठावर जाऊन बसली.

“हे काय आणलंस?” जगदेवप्पा म्हणाला.

“हिला कॅन्सर झाला हुता. नाकाला.”

जगदेवप्पानं पाय वर ओढून घेतले. पंचाहत्तर वर्षांचा माणूस, दोन्ही पाय घोंगडीवर, मांजरीपासून लांब.

“पाय सोड खाली अण्णा. लागत न्हाई. हिचा लागत न्हाई, माणसाचा बी लागत न्हाई. ताटलीनं न्हाई, अंथरुणानं न्हाई. हात लावला तर न्हाई. मी डाक्टरला इचारलं.”

“असंल,” तो म्हणाला. “त्या टायमाला कुणाला ठाऊक हुतं.”

“ठाऊक न्हव्हतं तर इचारायचं हुतंस. सोलापूरला डाक्टर समोर हुता तुझ्या. एक डाव इचारायचं हुतंस. मला काठी दिलीस तू.”

“आता काय फायदा हे बोलून?”

“फायद्यासाठी न्हाई बोलायले. ती ह्या सोप्यात बसायला मागायची. एवढंच मागायची.”

सून चहा घेऊन दारात थबकली होती. तिला भागम्मा ठाऊकच नव्हती, या घरात तिचं नाव कुणी काढलंच नव्हतं. मल्लेश्वरीनं तिच्या हातातला कप घेतला, चहा बशीत ओतून स्वतः प्यायली. मग सुनेला म्हणाली, “वाटीभर दूध आण गं. घरातल्या वाटीत आण, तुम्ही जेवताव त्या.”

सुनेनं सासऱ्याकडं बघितलं. सासरा भिंतीकडं बघत होता. ती आत गेली आणि स्टीलची वाटी घेऊन आली. मल्लेश्वरीनं ती जमिनीवर ठेवली नाही. हातात धरली. कापशीनं खाचेचं नाक आत घालून लपालपा दूध प्यायलं, त्या सोप्यात, उजेडात, सगळ्यांदेखत. शेवटचा थेंब संपेपर्यंत मल्लेश्वरीनं हात हलवला नाही.

“भागी,” जगदेवप्पा भिंतीकडं बघतच म्हणाला. तेवढंच.

“व्हय, भागी,” मल्लेश्वरी म्हणाली. “सुनेला सांग कोण हुती ती. मी जाते, बस चुकंल.”

तिनं वाटी सुनेच्या हातात दिली, कापशीला डालग्यात घातलं आणि वरून लुगडं बांधताना नाकापुरतं भोक ठेवलं.